पुण्याहून फिनलंडमधल्या ओउलूला जावं का? उणे २५ झेपेल का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही मूळचे सोलापूरचे, दहा वर्षं वाकडला राहता, ओउलूतल्या एका कंपनीची ऑफर हातात आहे, मुलगी चार वर्षांची, पत्नी बँकेत नोकरीला. विचारलंय असं की उणे २५ अंशांत आपल्यासारख्यांचा निभाव लागेल का आणि भारतीय माणसं फारशी नसलेल्या गावात मन रमेल का. थंडीबद्दल तुम्ही आठ ओळी लिहिल्या आहेत आणि पत्नीबद्दल एकच, 'तीही तिकडे काहीतरी बघेल.' आम्ही ओउलूत साडेसहा वर्षं होतो, ऑगस्ट २०१३ ते जानेवारी २०२०. आता कर्वेनगरला असतो. नोकरी नवऱ्याची होती, त्याच्यामागून गेलेली मी होते. म्हणून थंडीचं आधी सांगून टाकते आणि मग तुमच्या त्या एका ओळीवर येते.

थंडी झेपते, अगदी खात्रीने सांगते. ओउलू ६५ अंश उत्तर अक्षांशावर, बोथनियाच्या आखाताला लागून आहे. जानेवारीत सरासरी तापमान उणे दहाच्या आसपास असतं आणि हिवाळ्यात एखादा आठवडा असा येतो की पारा उणे २५ च्याही खाली जातो. पण ती थंडी उंबऱ्याच्या बाहेर राहते. खिडक्यांना तीन-तीन काचा, भिंती जाड, आणि केंद्रात तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर फिरतं. सगळा हिवाळा घरात एकवीस अंश. कर्वेनगरच्या घरात जानेवारीच्या सकाळी फरशीवर अनवाणी पाय टेकला की जी कळ जाते, ती तिथे मला एकदाही आली नाही. त्रास होतो तो कोरड्या हवेचा. ओठ फुटतात, लोकरी मोजे घालून दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. पहिल्या डिसेंबरात लेकीचा घोळणा फुटला तेव्हा मी घाबरून रात्रीच दवाखान्यात फोन लावला होता. खोलीत ओला टॉवेल वाळत घालायचा आणि झोपताना नाकात तिळाच्या तेलाचं बोट फिरवायचं, एवढ्यावर आमचं भागलं.

कपडे पुण्यातून नेऊ नका. आम्ही इथले जाड स्वेटर बॅग भरून नेले होते, त्यातला एकही अंगाला लागला नाही. तिथल्या बालवाडीत (पाळणाघर आणि बालवाडी एकत्रच असते) थंडी पडल्यावर पहिल्यांदा लेकीला सोडायला गेले, तेव्हा तिला सुती बनियन, फ्रॉक, दोन स्वेटर आणि वर जॅकेट असं बांधून नेलं होतं. तिथल्या बाईंनी तिला खाली बसवलं, सगळं उतरवलं आणि पुन्हा पहिल्यापासून घालून दाखवलं. अंगालगत पातळ लोकरीचा सदरा आणि विजार. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग ओलं अंग गारठतं, म्हणून तो नको. त्यावर फ्लीस. लोकरी मोजे. मग जमिनीवर उघडा पसरलेला हालारी, म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचा एकसंध सूट. पोराने त्यात बसायचं, पाय सारायचे, उभं राहायचं आणि चेन वर ओढायची. पायाशी रबरी पट्टी असते, ती बुटाच्या तळाखालून घ्यायची, म्हणजे हालारी वर सरकून बर्फ आत शिरत नाही. बूट एक नंबर मोठा, जाड मोज्यातही बोटं हलली पाहिजेत. हातमोजे सगळ्यांत शेवटी, चार बोटं एका पिशवीत आणि अंगठा वेगळा असे, आणि त्यांची कड बाहीच्या वरून. चार वर्षांची मुलं हा क्रम स्वतः पार पाडतात. साधारण उणे १५ पर्यंत त्यांना रोज बाहेर खेळायला काढतात, तान्ही बाळंसुद्धा बाबागाडीत अंगणात झोपवतात. पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं, पण महिनाभरात लेकीचे गाल लाल आणि भूक दुप्पट झाली.

हे सगळं तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात, किर्पुतोरीत, चांगल्या अवस्थेत मिळतं. लोक फळी भाड्याने घेऊन त्यावर घरातले कपडे किमतीची चिठ्ठी लावून ठेवतात. वाढत्या वयाच्या मुलांचे हालारी तिथूनच घ्या. आणि तिघांच्याही कोटाला अंधारात चमकणारी रिफ्लेक्टरची पट्टी पहिल्याच दिवशी लावा. अंधारात पायी चालणाऱ्याने ती वापरावी असं तिथला वाहतूक कायदाच सांगतो.

अंधाराला मात्र कपड्यांसारखा सोपा उपाय नाही. २१ डिसेंबरच्या सुमाराला ओउलूत सूर्य साडेदहाच्या आसपास उगवतो आणि दोनला मावळतो. ऐन दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम दीड अंश वर येतो. त्याच दिवशी पुण्यात दुपारी तो ४८ अंशांवर असतो. म्हणजे तिथलं ऊन झाडांच्या शेंड्यांना लागतं, जमिनीपर्यंत पोचतच नाही. तरी डिसेंबर बरा, कारण तोवर बर्फ पडलेला असतो आणि रस्त्यावरच्या दिव्यांनीही सगळं उजळतं. वाईट असतो नोव्हेंबर. पानं गळून गेलेली, बर्फ टिकत नाही, ओलं काळं डांबर आणि दिवस रोज आखडत चाललेला. मला कोणी आधी सांगितलं असतं की सगळ्यांनाच या महिन्यात असं होतं, तर माझे पहिल्या वर्षीचे कितीतरी दिवस स्वतःला दोष देण्यात गेले नसते. तिथली माणसंही थकतात, झोपाळतात, आणि ते उघडपणे बोलतात. दिवसाच्या उजेडासारखा प्रखर, दहा हजार लक्सचा दिवा मिळतो. सकाळी चहा पिताना अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं, ऑक्टोबरपासूनच. ड जीवनसत्त्वाची गोळी तिघांनाही लागेल, आपल्या सावळ्या कातडीला ते तयार करायला ऊन जास्त लागतं. निघण्यापूर्वी पुण्यातच रक्त तपासून घ्या, डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्या.

आता तुमची पत्नी. तुम्ही सकाळी आठला घराबाहेर पडाल. ऑफिसात इंग्रजी चालेल, मीटिंग असतील, कॉफीच्या मशीनपाशी दोन शब्द होतील. मुलगी बालवाडीत जाईल आणि आठ-दहा महिन्यांत फिनिश बोलायला लागेल. दुपारी तीनला, नोव्हेंबरच्या अंधारात, घरी कोण असेल? मी पुण्यात एका मराठी शाळेत नऊ वर्षं गणित शिकवत होते. सकाळच्या अधिवेशनात साठ मुलांचा वर्ग, मधल्या सुट्टीत खोलीभर बायका, घरी येताना भाजी घेताना चार ओळखीचे चेहरे. ओउलूत पहिल्या नोव्हेंबरात मी तीन वाजता स्वयंपाकघरात दिवा लावून वरणाचा कुकर चढवायची आणि शिट्टी होईपर्यंत खिडकीशी उभी राहायची. समोरच्या इमारतीतल्या प्रत्येक खिडकीत दिवा असायचा, माणूस कुठेच दिसायचं नाही. दिवसभरात मी मोठ्याने बोललेलं वाक्य म्हणजे आईशी फोनवर बोललेलं. तिथल्या आणि इथल्या घड्याळात हिवाळ्यात साडेतीन तासांचं अंतर असतं, त्यामुळे माझी दुपार रिकामी व्हायची तेव्हा आई जेवणाच्या तयारीला लागलेली असायची.

'फिनलंडमध्ये इंग्रजीवर सगळं भागतं' असं आम्हाला पुण्यातल्या एका सल्लागाराने सांगितलं होतं. दुकानात भागतं, दवाखान्यात भागतं. नोकरीत फक्त काही क्षेत्रांत. बँक, हिशेब, शाळा, सरकारी कचेऱ्या सगळीकडे फिनिश लागतं. आणि नुसती भाषा येऊन पुरत नाही हेही ऐकून ठेवा. हेलसिंकीतल्या एका समाजशास्त्रज्ञाने सारख्याच पात्रतेचे पाच हजार नोकरीअर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवून बघितले. फिनिश नावांच्या अर्जांना मुलाखतीचं बोलावणं साधारण ३९ टक्के वेळा आलं, इंग्रजी नावांना २७, इराकी नावांना १३, सोमाली नावांना १०. भारतीय नावं त्या प्रयोगात नव्हती, पण आपण कुठे बसू याचा अंदाज येतो. मला पहिली नोकरी मिळायला पावणेतीन वर्षं लागली, शाळेत सहायक म्हणून. गणिताची शिक्षिका म्हणून मी तिथे कधीच उभी राहिले नाही आणि त्याचं दुःख मला अजून आहे. पण त्या सहायकाच्या नोकरीने मला पुन्हा माणसांत आणलं, ते फक्त भाषेमुळे झालं.

म्हणून फिनिश तिने पुण्यातच सुरू करावं, आजपासून. ऑनलाइन वर्ग आहेत. आणि ही भाषा मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. पंधरा विभक्त्या आहेत म्हणून इंग्रज हात टेकतात, पण आपण जन्मापासून प्रत्ययच लावत आलोय. घर म्हणजे तालो. तालोस्सा म्हणजे घरात, तालोस्ता म्हणजे घरातून. सामान्यरूपसुद्धा आहे! पाणी म्हणजे वेसी, पण पाण्यात म्हणताना वेदेस्सा, जसं आपण 'पाणीत' म्हणत नाही, 'पाण्यात' म्हणतो. हे मला वर्गात उमगलं तेव्हा मी एकटीच हसले, शेजारच्या ब्राझीलच्या बाईला काय सांगणार? स्त्रीलिंग-पुल्लिंगाची कटकटच नाही, तो आणि ती दोघांना एकच शब्द. जपायचं ते ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षर. तुली म्हणजे आग, तूली म्हणजे वारा, तुल्ली म्हणजे जकात. तिथे पोचल्यावर नोकरी शोधणारी म्हणून नाव नोंदवलं की भाषेचा आणि समाजात रुळण्याचा पूर्णवेळ अभ्यासक्रम फुकट मिळू शकतो. तिने पहिल्याच महिन्यात नाव घालावं. मी 'मुलगी जरा रुळू दे' म्हणत वर्ष घालवलं. मुलगी चौथ्या आठवड्यात रुळली होती.

माणसांबद्दल. तिथली माणसं वाईट नाहीत आणि गोडगोडही नाहीत. जिन्यात शेजारी दिसला तर मान हलवेल, विचारपूस करणार नाही. बसथांब्यावर दोघांमध्ये तिसरा मावेल एवढं अंतर ठेवून उभे राहतात. आपल्याला ते तुसडेपणाचं वाटतं, त्यांच्या लेखी ती सभ्यता असते. आमच्या खालच्या मजल्यावर सत्तरीच्या एक बाई राहायच्या. आठ-नऊ महिने आमचं फक्त 'मोई' चाललं होतं, म्हणजे नमस्कार. मे महिन्यात सोसायटीचं तालकोत निघालं. तालकोत म्हणजे सगळ्यांनी मिळून आवार झाडायचं, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेली खडी गोळा करायची, आपलं श्रमदानच. त्या बाईंनी काही न बोलता माझ्या हातात दाताळं दिलं आणि शेजारचा वाफा दाखवला. तासभर आम्ही दोघी पाला ओढत होतो. नंतर कॉफी झाली, त्यांनी घरून गोड पाव आणला होता, पुल्ला. तोंडात टाकला आणि वेलचीचा वास आला. फिनलंडच्या पावात वेलची घालतात हे मला माहीतच नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि त्यांनी माझं नाव कसं म्हणायचं ते तीनदा विचारून घेतलं. तिथली सहा वर्षं त्याच माझं माहेर होत्या. तेव्हा तुमच्या पत्नीला सांगा, तालकोतचा कागद जिन्यात लागला की सर्वांत आधी खाली उतरायचं.

कातडीच्या रंगावरून त्रास होतो का? होतो. रोज नाही, पण होतो, आणि मी ते झाकणार नाही. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने आफ्रिकी वंशाच्या लोकांना विचारून २०१८ साली अहवाल काढला, त्यात वंशावरून छळ झाल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण पाहणी केलेल्या देशांत सर्वांत जास्त फिनलंडमध्ये निघालं, ६३ टक्के. आम्हाला एका घरमालकाने फोनवर घर रिकामं आहे म्हणून सांगितलं आणि आडनाव ऐकल्यावर ते 'गेलं' म्हणून सांगितलं. एकदा थांब्यावर दारू प्यायलेला माणूस माझ्यावर ओरडत राहिला आणि बाकी सगळे जमिनीकडे बघत उभे होते, हे जास्त लागलं. बसमध्ये चढल्यावर त्यांच्यातली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या थांब्यापर्यंत बसून राहिली. दोन्ही खरं आहे. बालवाडीत एका मुलाने लेकीचा हात घासून बघितला, रंग निघतो का म्हणून. ती घरी येऊन साबण मागत होती. मी दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. त्यांनी टाळलं नाही, त्याच आठवड्यात सगळ्या मुलांना रंग कालवून आपापल्या हाताचा रंग तयार करायला बसवलं, आणि तो ठसा मुलीने अजून ठेवलाय. तुम्हीही असं काही झालं तर लगेच, स्पष्ट बोला. शिक्षक ऐकतात.

मुलीच्या शाळेची चिंता तर करूच नका. सातव्या वर्षी पहिली, दुपारचं गरम जेवण सगळ्या मुलांना फुकट, १९४८ पासून. शाकाहारी म्हणून लिहून दिलं की तसं मिळतं. मराठी मात्र घरात हट्टाने टिकवावी लागते.

मराठी घरं आमच्या वेळी चार होती. गणपतीला सगळे आमच्याकडे यायचे. शाडूची वीतभर मूर्ती मी हातातल्या बॅगेतून नेली होती, विसर्जन बादलीत. दूर्वा नाहीत म्हणून अंगणातलं गवत, पण जास्वंद मिळाली! तिथे ती घरात वाढवायच्या कुंडीतल्या झाडांत विकतात. ती कुंडी मी सहा हिवाळे खिडकीत दिव्याखाली जगवली. आई-वडिलांना न्यायचं असेल तर जूनमध्ये न्या. सूर्य मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो आणि तासा-दोन तासांत पुन्हा उगवतो, अंधार होतच नाही. सासूबाई दिवेलागणीसाठी थांबून राहायच्या, शेवटी घड्याळात सात वाजले की निरांजन लावायचं असं ठरलं.

सामानात गोडा मसाला, हिंग, आमसुलं, मेतकूट, भाजणी आणि कुकरच्या जास्तीच्या रिंगा न्या. कढीपत्ता वाळवून न्या, ताजा चालत नाही. तूप, पेढे, खवा युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. तूप तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं सुरेख कढतं. लग्नाचा आणि मुलीचा जन्मदाखला इंग्रजी मजकुरासह काढून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा यासाठीचा शिक्का, आताच घ्या. तिथल्या लोकसंख्या नोंदणीत तो लागतो, आणि ओळख क्रमांक मिळेपर्यंत बँकेचं खातंसुद्धा अडतं. बालवाडीचा अर्ज चार महिने आधी करायचा असतो. नोकरी अचानक ठरली असेल तर दोन आठवड्यांतही जागा देतात, पण त्यावर विसंबू नका.

आणि रुजू होण्याची तारीख. ती बदलून मिळत असेल तर मार्च मागून घ्या. मार्चमध्ये बर्फ गुडघाभर असतो पण दिवस बारा तासांचा, ऊन इतकं की काळा चष्मा लागतो, समुद्र गोठलेला आणि त्यावर लोक चालत, स्की करत फिरत असतात. थंडीची ओळख उजेडात होते. तुम्हाला ऑक्टोबर-नोव्हेंबरच दिला असेल तर तुम्ही एकटे पुढे जा, घर लावा, आणि त्या दोघींना मार्चमध्ये बोलवा. मधल्या चार महिन्यांत तिचं फिनिश बरंच पुढे जाईल. तिने राजीनामा देण्यापूर्वी बँकेत बिनपगारी लांबची रजा मिळते का ते लेखी विचारून घ्यावं. मी माझ्या शाळेत विचारलंच नव्हतं. दोन वर्षांनी सुट्टीवर आले तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, अर्ज केला असतास तर दिली असती.